कानेओहेचा उपसागर

नत्र आणि स्फुरद हीं द्रव्यें शेतकरी पैसे मोजून रानांत घालतो. तींच समुद्रांतील प्रवाळाच्या मुळावर येतात, ही गोष्ट सहसा खरी वाटत नाहीं. परंतु प्रशांत महासागरांतील हवाई द्वीपसमूहांत, ओआहू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, कानेओहेच्या उपसागरानें तिचा पुरावा चाळीसांहून अधिक वर्षें दिला.

प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या देहांत सूक्ष्म वनस्पती वस्ती करून असतात. त्या सूर्यप्रकाशावर अन्न सिद्ध करून यजमानाला पोसतात आणि त्यानें टाकलेलें नत्र स्वतः वापरतात. घरचें घरांतच जिरतें. म्हणून भोवतालचें पाणी निःसत्त्व, पण नितळ असलें, तरच हा संसार सुखानें चालतो. त्यांत खत उतरलें कीं पाणी सूक्ष्म जीवांनीं गढूळ होतें आणि तळावर शेवाळ माजतें.

कोओलाऊ डोंगराचे ओढे पूर्वीं अळूच्या पाणथळ वाफ्यांतून समुद्राकडे येत. (आपल्या स्वयंपाकघरांतील हेंच अळू, तेथें त्याचा कंद हें मुख्य अन्न होतें.) चिखल वाटेंतच बराचसा अडे. विसाव्या शतकाच्या आरंभीं उपसागराच्या दक्षिण भागांतील प्रवाळाच्या बागा पाहण्यास लोक कांचेच्या तळाच्या नावांतून जात. १९३९ नंतर नाविक विमानतळासाठीं तळाचा बराच भाग उकरला गेला. तो घाव वेगळाच. १९६० च्या सुमारास डोंगरांत बोगदे झाले, होनोलुलूच्या नोकरदारांनीं इकडे बिऱ्हाडें थाटलीं, आणि १९६३ पासून नगराचें मैलापाणी शुद्ध करून उपसागरांत सोडलें जाऊं लागलें. अशा शुद्धीकरणानें घाण जाते. विरघळलेलें नत्र व स्फुरद बहुतांशीं राहतेंच. हिशेब चुकला तो येथें. डिक्टिओस्फेरिया नांवाचें, पोकळ फुग्यांसारखें एक हिरवें शेवाळ प्रवाळाच्या फांद्यांवर चढलें आणि त्यांना गुदमरवूं लागलें.

अखेर १९७७-७८ सालीं मैलापाण्याचे नळ बाहेरच्या खोल समुद्रांत नेण्यांत आले. उपसागरांतीलच मोकू ओ लोए बेटावर हवाई विद्यापीठाची प्रयोगशाळा असल्यामुळें पुढचें सारें बारकाईनें नोंदलें गेलें. स्टीफन स्मिथ व त्यांचे सहकारी यांचा वृत्तांत १९८१ सालीं प्रसिद्ध झाला. पाणी कांहीं महिन्यांतच निवळलें. १९८३ च्या पाहणींत शेवाळ घटलेलें आणि प्रवाळ वाढलेला आढळला. पण १९९० सालीं पाहिलें, तों सुधारणा थबकलेली! या शेवाळाच्या थरांखालीं पोकळी असते. तळाच्या गाळांतून झिरपणारें सत्त्व तींत सांठतें, आणि नळ हलवला तरी तेवढ्यावर तें तगून राहिलें.

तें हटलें २००६ सालीं, आणि तेंही माणसाच्या हातून नव्हे. त्या वर्षीं वसंताच्या तोंडावर सुमारें सहा आठवडे पाऊस व ढग सरले नाहींत. प्रकाशाच्या अभावीं शेवाळ खंगलें आणि खडकांवरून जवळजवळ नाहींसें झालें, असें तेथील संशोधकांना वाटतें. पुढें ऊन पडलें, तरी तें पूर्वीच्या जोमानें परतलें नाहीं. मैलापाणी तेव्हांही उपसागरांत येत असतें, तर मात्र तें परतलें असतें, असें मानण्यास जागा आहे.