१२१० ते ५५३० : मालट्रकच्या ताकदीचा भारतीय इतिहास

भारतीय महामार्गांवर धावणाऱ्या टाटा मालट्रकवर चार आकड्यांची एक पाटी असते : १२१०, १६१३, ३११८, ४९२३, ५५३०. बहुतेकांना तो केवळ मॉडेलचा क्रमांक वाटतो. प्रत्यक्षात त्या आकड्यांत एक संकेत आहे. पहिले दोन आकडे म्हणजे मालासह गाडीचे कमाल वजन, टनांत. पुढचे दोन म्हणजे इंजिनाची अश्वशक्ती, दहाने भागलेली. म्हणजे १२१० ही बारा टनांची आणि सुमारे शंभर अश्वशक्तीची गाडी, तर ५५३० ही पंचावन्न टनांची आणि तीनशे अश्वशक्तीची. ही नामपद्धती मूळची डाइमलर-बेन्झची. स्वतंत्र भारताच्या मालवाहतुकीचा सत्तर वर्षांचा इतिहास या पाट्यांवरून वाचता येतो.

या इतिहासाची सुरुवात जमशेदपूरला होते. १९४५ मध्ये रेल्वे इंजिने बांधण्यासाठी स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झशी करार केला आणि तेथे मालट्रक तयार होऊ लागले. त्यांत ओएम ३१२ हे सहा सिलिंडरांचे, सुमारे ४.६ लिटरचे इंजिन होते. त्याची ताकद शंभर अश्वशक्तीच्या आसपास. १९५५ मध्ये मद्रासजवळच्या एन्नोर येथे अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. डिझेल सिलिंडरात फवारणारा पंप बनवण्यासाठी बंगळूरला १९५१ मध्येच मायको ही कंपनी निघाली होती. इंजिन, गाडी आणि पंप, तिन्ही देशात बनू लागले. माल मात्र त्याहून वेगाने वाढत होता.

अशा वेळी ताकद वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एक स्क्रू. फवारणी-पंपावर डिझेलच्या कमाल मात्रेची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो. कारखाना तो बसवून त्यावर सील लावतो. सील तोडून तो थोडा फिरवला, की प्रत्येक फवाऱ्यात जास्त डिझेल जाते आणि गाडी चढावर जोराने ओढू लागते. रस्त्याकडेच्या गॅरेजांत हे काम ‘पंप वाढवणे’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मात्र गाडीच्या नळकांड्यातून त्याच क्षणी काळ्या धुराचा लोटही निघू लागतो.

या धुराचे कारण साधे आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. सिलिंडरात हवा आणि डिझेल मिसळण्यास क्षणाचाही पुरता अवधी मिळत नाही. म्हणून धूर टाळायचा तर हवेचे प्रमाण अठरा-वीस पटींपर्यंत ठेवावे लागते. भारतात दीर्घकाळ चाललेल्या ५.७ लिटरच्या इंजिनाचे उदाहरण घेतले, तर नैसर्गिक श्वासावर चालताना सहाही सिलिंडर मिळून एका आवर्तनात फार तर साडेसहा ग्रॅम हवा आत घेतात. तेवढ्या हवेत एक तृतीयांश ग्रॅमच्या आसपास डिझेल नीट जळते. त्याहून जास्त ओतलेले डिझेल अर्धवट जळून काजळी होते, निकास वायूंचे तापमान चढते आणि पिस्टनचे माथे वितळण्यापर्यंत वेळ येते. डिझेल हवे तेवढे ओतता येते. खरी मर्यादा हवेची आहे.

उंचावर ही मर्यादा आणखी जाचते. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे साडेतीन हजार मीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के उरते. इंजिन तेच, डिझेल तेच; पण श्वास एक तृतीयांशाने कमी. लष्कराच्या आणि रसद नेणाऱ्या गाड्या लडाखच्या खिंडी चढताना धाप लागल्यासारख्या का सरकत, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

हवेच्या प्रश्नाचे उत्तर मात्र फार पूर्वीच सापडले होते. रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे चालले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९०५ मध्ये, ॲल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट घेतले. इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा निकास वायूंबरोबर वाया जाते. त्या वायूंच्या वाटेत एक चक्र ठेवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे आणि त्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही ती कल्पना. ती सिद्ध व्हायला वीस वर्षे गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची ताकद या युक्तीने १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. पुढे दाबल्याने तापलेली हवा इंटरकूलरमधून थंड करून अधिक दाट करण्याची सोयही आली. जमशेदपूरला कारखाना सुरू झाला त्याच १९५४ साली स्वीडनमध्ये व्होल्वोने आपल्या टायटन मालट्रकला टर्बो बसवून त्याची ताकद १५० वरून १८५ वर नेली होती.

भारतीय मालट्रकला मात्र त्यानंतरही कित्येक दशके टर्बोविना चालावे लागले. त्याची कारणे केवळ तांत्रिक नव्हती. मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणाऱ्या चक्राला स्वच्छ हवा आणि चांगले वंगण लागते. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत १९५२ मध्ये सर्वांत पुढच्या जागेवरून निघालेली कमिन्सची टर्बो-डिझेल मोटार ७१ फेऱ्यांनंतर बाद झाली. टायरांच्या रबराचा कचरा टर्बोच्या तोंडाशी साचला होता. भारतीय रस्त्यांवरची धूळ आणि वेळेवर न बदललेले फिल्टर लक्षात घेता, महागडा टर्बो कोणत्याही मालकाला जोखमीचाच वाटला असता. शिवाय बाजारात स्पर्धा थोडी होती आणि पुलाखाली किंवा झाडाखालीही दुरुस्त होणाऱ्या साध्या इंजिनाला मोल होते.

बदल घडला तो ताकदीच्या मागणीपेक्षा धुराच्या तक्रारीमुळे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी धुराला मर्यादा घातली. १९९२ पासून डिझेल वाहनांच्या उत्सर्जनाचे मोजमाप सुरू झाले आणि २००० साली युरोपच्या पहिल्या पायरीशी समकक्ष असे निकष देशभर लागू झाले. काजळी कमी करायची तर प्रत्येक थेंबाला पुरेशी हवा द्यावीच लागते. ज्या टर्बोला ताकदीसाठी गिऱ्हाईक मिळत नव्हते, तो स्वच्छतेसाठी अपरिहार्य ठरला आणि ताकद त्याच्यामागून आली. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांनी जमशेदपूरला एकत्र येऊन टर्बो इंजिनांचा मार्ग धरला होताच; पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांत इंजिने कसून तपासली जाऊ लागली.

इंधनालाही बदलावे लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतीय डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग, गंधक चालत असे. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहा लागू झाले तेव्हा ही मर्यादा दहा भागांवर आली. हजार पटींची ही घट तेलशुद्धीकरण कारखान्यांत झाली नसती, तर आजच्या गाड्यांतील काजळी-गाळण्या आणि युरिया-द्रावणावर चालणारी शुद्धीकरण यंत्रणा टिकली नसती. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले होते. ‘पंप वाढवण्या’ची किंमत कोणाच्या छातीने चुकवली, हे त्यावरून उमगते.

आता पुन्हा पाट्यांकडे वळावे. १२१० मध्ये एका टनाच्या वाट्याला ८.३ अश्वशक्ती येत होती. १६१३ मध्ये ८.१, ३११८ मध्ये ५.८, ४९२३ मध्ये ४.७ आणि ५५३० मध्ये ५.५. इंजिनाची ताकद तिप्पट झाली, पण प्रत्येक टनाच्या वाट्याची ताकद घटली! शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या घाटात, गिअर आणि घर्षणात पंधरा टक्के ताकद गेली असे धरले, तर पूर्ण भरलेली ४९२३ ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास चढेल. नेमाने बारा टनच वाहणारी १२१० अठ्ठावीसने चढली असती. अर्थात बारा टनांचे ते बंधन बहुधा कागदावरच राही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभार मर्यादा वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली; तेव्हा कालपर्यंतचा काही जादा माल एका अधिसूचनेने कायदेशीर झाला.

यात मालकांचा हिशेब चुकीचा नाही. पूर्ण भाराजवळ चालणारे इंजिन टनामागे कमी डिझेल खाते आणि सपाट चौपदरी रस्त्यांवर ही उणीव जाणवतही नाही. ती जाणवते घाटात : मागे खोळंबलेल्या वाहनांच्या रांगेला आणि इंजिनाच्या उष्णतेजवळ तासन्‌तास बसलेल्या चालकाला.

या इतिहासातील अगदी अलीकडची नोंद त्या चालकाचीच आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले. त्यासाठी इंजिनाची थोडीशीच अश्वशक्ती खर्च होते. आजवर वाढलेली बहुतेक ताकद मालाच्या वाट्याला गेली. त्यातली ही काही अश्वशक्ती सत्तर वर्षांनी गाडी हाकणाऱ्या माणसाच्या वाट्याला आली आहे.