कांचनमुक्ती आणि कांचनबंदी

पैशाविषयी नीतीचा उपदेश करणाऱ्यांची वर्धा जिल्ह्यात कधी वाण पडली नाही. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. धनिकाने स्वतःला संपत्तीचा मालक न समजता विश्वस्त समजावे, हा त्यांचा विचार इथे वर्षानुवर्षे घोटला गेला. १९५० च्या सुमारास पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. आश्रमाने पैशावाचून, स्वतःच्या श्रमावर जगायचे, असा तो संकल्प होता. या माणसांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका घ्यायची नाही. परंतु इतिहासाचा शिक्षक म्हणून एक प्रश्न मला टाळता येत नाही. कांचनापासून मुक्त व्हायचे, तर ते आधी हाती असावे लागते. ज्यांच्या हाती ते कधी येऊच दिले नाही, त्यांनी कशापासून मुक्त व्हायचे?

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. दलित शिकला, नोकरीला लागला, त्याने घर बांधले की ‘हे लोक आता पैशाच्या मागे लागले’ हे वाक्य कुठूनतरी येतेच. मी ते प्राध्यापकांच्या खोलीत ऐकले आहे आणि आपल्या सभांतूनही ऐकले आहे. तेव्हा पैसा आणि स्वार्थ यांची नीती आपण आपल्या इतिहासातून तपासली पाहिजे.

आपल्या इतिहासाचा आरंभ कांचनबंदीपासून होतो. शूद्र समर्थ असला तरी त्याने धनसंचय करू नये, असे मनुस्मृतीचा दहावा अध्याय सांगतो. कारण श्रीमंत शूद्र ब्राह्मणांना त्रास देतो. त्याच अध्यायात चांडाळांसाठी लोखंडाचे दागिने आणि धन म्हणून कुत्री व गाढवे नेमून दिली आहेत. म्हणजे आपले दारिद्र्य हा नशिबाचा खेळ नव्हता, ती कायद्याची तरतूद होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळली, तेव्हा आपल्या मिळकतीवरची ही बंदीही जळाली, हे आपण फारसे बोलत नाही.

गावगाड्यात ही बंदी धान्याच्या रूपाने पाळली जाई. सालदाराला ज्वारी मिळे, सणावाराला शिळे अन्न मिळे, अंगावरचे उतरलेले कापड मिळे. माझा आजा सालदार होता. त्याच्या कष्टाचा मोबदला मालकाच्या मर्जीवर तोलला जाई आणि तो घेताना उपकार घेतल्यासारखे वाकावे लागे. धान्याच्या या व्यवहारात प्रेम होते, आपुलकी होती, असे ज्यांना वाटते त्यांनी ती पायली कधी पदरात घेतलेली नसते.

हा गावगाडा हलवला तो कापसाने आणि आगगाडीने. वर्धा शहर वसले १८६६ साली; १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला. हिंगणघाटचा कापूस जगाच्या बाजारात गेला. १८७७ साली नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि मागोमाग हिंगणघाटलाही गिरणी आली. जाडेभरडे विणणारा आपला समाज यंत्राच्या कापडापुढे आधी मोडला आणि मग त्याच यंत्रांवर कामाला उभा राहिला. गिरणीमालकांनी हे दयेपोटी केले नाही. त्यांना हात हवे होते. पण त्यांच्या या स्वार्थाने जे दिले ते गावाच्या धर्माने दिले नव्हते. आजा पुढे हिंगणघाटला गिरणीत लागला. पगार मोजून हाती पडे आणि कमी पडला तर भांडता येई. उपकाराशी भांडता येत नाही, मजुरीशी येते. नाण्याने आपल्याला दिलेली पहिली नीती ही आहे.

परंतु इथे थांबलो तर आपण बाजाराचे भाट होऊ. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली सांगितले की खाटीक आणि पाववाला आपल्याला अन्न देतात ते परोपकाराने नव्हे, स्वतःच्या हितासाठी. आमच्या गावात मात्र हॉटेलवाल्याने आपले पैसे खणखणीत असूनही वेगळी कपबशी ठेवली. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, विटाळ नको! मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्या खात्यात मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा अडसर केवळ मालकाचा नव्हता, शेजारच्या स्पृश्य कामगाराचाही होता. जातीसाठी आपला स्वार्थही सोडणारा हा समाज आहे. स्वार्थ मोकळा सुटला की समता आपोआप येईल, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार फार लवकर केला होता. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बर्ट्रांड रसेलच्या समाजपुनर्रचनेवरील ग्रंथाचे त्यांनी परीक्षण लिहिले. द्रव्यलोभाने माणूस खुरटतो, हे रसेलचे म्हणणे. बाबासाहेब विचारतात की माणसाला पैसा हवा असतो तो कशासाठी? हेतू पाहिल्यावाचून लोभाला बरे-वाईट ठरवता येत नाही. धनाचा तिरस्कार शिकवणारी नीती टंचाईच्या जगात जन्मली. जे मिळणारच नाही त्याची निंदा करणे माणसाला सोपे जाते. खरा दोष संपत्तीत नसून तिच्या विषम वाटणीत आहे.

आणि पैशाचा मोह म्हणजे काय, याची परीक्षा त्यांनी आपल्या वर्ध्यातच दिली आहे. १९३६ च्या मे महिन्याच्या आरंभी ते सेगावला गांधीजींना भेटले; उद्योगपती वालचंद हिराचंद सोबत होते. धनंजय कीरांनी चरित्रात नोंदवले आहे की गांधीजींच्या गोटात आलात तर अस्पृश्योद्धारासाठी अमाप साधने मिळतील, असे वालचंद आणि जमनालाल बजाज यांनी त्यांना सुचवले. मतभेदांकडे बोट दाखवून बाबासाहेबांनी ते नाकारले. बजाज हलक्या मनाचे नव्हते. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. परंतु १९३२ साली स्थापन झालेल्या हरिजन सेवक संघाचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला होते, आणि हे सवर्णांचे प्रायश्चित्त असल्याने कारभार त्यांच्याच हाती राहावा, ही गांधीजींची भूमिका होती. धन त्यांचे, प्रायश्चित्त त्यांचे, हिशेबही त्यांचाच! विश्वस्त कितीही सज्जन असो, ज्याच्या नावाने विश्वस्तपद चालते त्याला विश्वस्त बदलण्याचा अधिकार नसेल, तर त्या व्यवस्थेला नीती म्हणायचे की मर्जी?

हीच गोष्ट भूदानाची. १९५१ साली वर्ध्याहून पायी निघालेल्या विनोबांकडे तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या भूमिहीन दलितांनी ऐंशी एकर जमीन मागितली. त्यांनी कांचनमुक्ती मागितली नाही. त्यांना जमीन हवी होती.

बाबासाहेबांनी मागितला तो हक्क. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत, अशी घटनात्मक तरतूद सुचवली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी राजकीय समतेच्या पोटातल्या सामाजिक-आर्थिक विषमतेचा इशारा दिला. स्वार्थाला त्यांनी पाप ठरवले नाही. एकाच्या स्वार्थाने दुसऱ्याचे माणूसपण विकत घेऊ नये, यासाठी त्याला कायद्याचा बांध घातला. बुद्धानेही गृहस्थाला निर्धन व्हायला सांगितले नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार वाटे आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडचणीच्या काळासाठी.

तेव्हा शिकलेल्या दलिताने पैसा मिळवावा, बिनदिक्कत मिळवावा. आजही शहरात भाड्याच्या घरासाठी रोख घेऊन गेलेल्याला आधी आडनाव विचारले जाते. म्हणून पैसा पुरेसा नाही, पण त्यावाचून दारापर्यंतही जाता येत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाकडे मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला. ज्यांच्या पूर्वजांना संचय वर्ज्य होता, त्यांना ते दाते म्हणून उभे करीत होते, आणि हिशेब मागण्याचा हक्कही त्यांनाच देत होते. धनिकाच्या तिजोरीपुढे ठेवलेले हे आपले उत्तर होते. आपल्यापैकी किती पगारदारांच्या महिन्याच्या हिशेबात तो विसावा हिस्सा लिहिलेला असतो? पैशाच्या नीतीवर दुसऱ्या कुणाकडून उपदेश ऐकण्याची आपल्याला गरज नाही. पण हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.