समुद्रात उतरलेले बंकर

डेन्मार्कच्या विग्सो किनाऱ्यावर मी बंकरांचे फोटो काढायला गेलो, तर ते चक्क समुद्रात! बांधले होते वाळूच्या टेकड्यांवर. मार्च १९४२ मधल्या हिटलरच्या आदेशानंतर नॉर्वेपासून स्पेनच्या सीमेपर्यंत ही 'अटलांटिक भिंत' उभी राहू लागली. दोन-दोन मीटर जाडीचं काँक्रीट जागेवर राहिलं, किनाराच मागे सरकला.

फ्रेंच विचारवंत पॉल विरिलिओ यांनी १९५८ पासून फ्रान्समधले असे बंकर टिपले. त्यांचे फोटो देखणे आहेत; मला त्या देखणेपणाचीच जरा धास्ती वाटते. कारण फ्रान्समध्ये या कामावर सक्तीचे मजूरही राबले, तर डेन्मार्कमध्ये स्थानिक ठेकेदारांनी त्यावर पैसा केला. माझ्या फोटोंत यातलं काहीच नाही; आहेत ते साच्याच्या फळ्यांचे काँक्रीटवर उमटलेले वळ.