इरईच्या खडकावरील हिमाच्या रेघा

चंद्रपूरचें नांव काढलें म्हणजे गोंड राजांचा परकोट, ताडोबाचें अरण्य, कोळशाच्या खाणी आणि वैशाखांतील असह्य ऊन हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. या शहराचा पारा उन्हाळ्यांत ४७-४८ अंशांपर्यंत चढतो. भर दुपारीं रस्त्यावर चिटपाखरूंहि दिसत नाहीं. अशा मुलुखांत एके काळीं हिमाचे जाड थर पसरले होते व आपल्या ओझ्याखालचा खडक घासत ते पुढें सरकत होते, असें कोणी सांगितलें तर ती पुराणांतील कथा वाटेल. परंतु ही कथा नव्हे. तिचा पुरावा याच जिल्ह्यांतील एका खडकावर कोरलेला आहे, आणि त्याचा पुरता अर्थ लागण्यास शास्त्रज्ञांच्या कित्येक पिढ्या खर्चीं पडल्या आहेत.

या शास्त्रज्ञांत पहिला मान विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड यांचा. त्यांचा जन्म १८३२ सालीं लंडन येथें झाला. तेथील खनिजविद्यालयांत व पुढें जर्मनींतील फ्रायबर्ग येथें शिक्षण संपवून १८५५ सालीं ते धाकटे बंधु हेन्री यांच्यासह हिंदुस्थानच्या भूस्तर-पाहणी खात्यांत दाखल झाले. ओडिशांतील तालचेर येथील कोळशाचें क्षेत्र तपासण्याचें काम या दोघा तरुणांकडे आलें. तेथें कोळशाच्या थरांच्या खालीं त्यांना एक विलक्षण थर आढळला. अतिशय बारीक गाळांत कित्येक फूट व्यासाचे अजस्र धोंडे रुतून बसले होते.

यांत विलक्षण तें काय, असें कोणी विचारील. पावसाळ्यांत वर्धा किंवा वैनगंगा दुथडी भरून वाहते तेव्हां ती काय करते, तें आठवावें. जोराचा प्रवाह मोठे गोटे लोटीत नेतो, पण बारीक माती तेथें ठरूं देत नाहीं. आणि प्रवाह मंदावून माती खालीं बसूं लागली म्हणजे गोटे हलविण्याचें सामर्थ्य त्यांत उरत नाहीं. पाणी निवडून टाकतें. मग धोंडा आणि गाळ एकाच ठिकाणीं टाकणारें वाहन कोणतें? हिम हेंच तें. लहानमोठें न पाहतां तें सर्व उचलतें, आणि जेथें वितळतें तेथें सर्वच टाकून देतें. हे धोंडे गोठलेल्या पाण्यानें वाहून आणले असावेत, असें अनुमान ब्लॅनफर्ड बंधु व त्यांचे सहकारी थिओबाल्ड यांनीं १८५६ सालीं प्रसिद्ध केलें. विल्यम यांचें वय त्या वेळीं अवघें चोवीस वर्षांचें होतें.

हें धाडस लहान नव्हतें. युरोपावर एके काळीं हिमाचें आच्छादन होतें हें मत लुई अगासी यांनीं १८४० सालीं ग्रंथरूपानें मांडलें होतें, आणि त्यावरचा वाद तेथेंच अजून शमला नव्हता. मग कर्कवृत्ताच्याहि दक्षिणेस, सखल प्रदेशांत हिम होतें, यावर सहज कोण विश्वास ठेवणार? अनुमान तर्कशुद्ध होतें; परंतु त्याला साक्षीदार नव्हता.

तो साक्षीदार चंद्रपूर जिल्ह्यांत मिळाला. शहराच्या पश्चिम-नैर्ऋत्येस सुमारें दहा मैलांवर, पैनगंगेच्या काठीं इरई नांवाचें खेडें आहे. शहरालगत वाहणारी इरई नदी ती निराळी. या खेड्यापाशीं त्याच खात्यांतील फ्रान्सिस फेडन यांना धोंड्यांच्या थराखालचा चुनखडीचा खडक उघडा पडलेला दिसला. त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झाला होता, आणि त्यावर लांब, सरळ, एकमेकींस समांतर अशा रेघा उमटल्या होत्या. वरच्या थरांतील धोंड्यांवरहि तसेच ओरखडे होते. फेडन यांनीं १८७५ सालीं एका लहानशा लेखांत ही हकीकत प्रसिद्ध केली.

वाहतें पाणी खडकाला गुळगुळीत करतें, पण त्यावर सरळ रेघा ओढीत नाहीं. हिमनदीच्या तळाशीं दगडगोटे घट्ट गोठलेले असतात. ती सरकूं लागली म्हणजे लोहाराच्या कानशीप्रमाणें खालचा खडक कोरीत जाते. आल्प्स पर्वतांत अशा खुणा आजहि पडतांना दिसतात. इरईच्या खडकानें ब्लॅनफर्डांचें अनुमान खरें ठरविलें. इतकेंच नव्हे, तर त्याला पुढेंहि नेलें. तरंगत्या हिमानें धोंडे आणून टाकतां येतील. परंतु पायाचा खडक असा कोरून काढण्यास भूमीवरून सरकणारें प्रचंड वजनाचें हिम लागतें. साक्षीदार तर्काहून अधिक बोलला.

ब्लॅनफर्डांनीं हा विषय आयुष्यभर सोडला नाहीं. १८७९ सालीं मेडलिकॉट यांच्यासह त्यांनीं हिंदुस्थानच्या भूस्तरशास्त्राचा पहिला मोठा ग्रंथ सिद्ध केला. १८८२ सालीं सेवानिवृत्त होऊन ते स्वदेशीं गेले, तरी १८८६ सालीं त्यांनीं अतिप्राचीन हिमयुगाच्या नव्या पुराव्यांवर निबंध लिहिला. हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका या दूरदूरच्या भूभागांत एकाच जातीच्या खुणा सांपडत होत्या. १९०५ सालीं ब्लॅनफर्ड निवर्तले, तेव्हां या कोड्याचा उलगडा झालेला नव्हता.

तो करण्याचा मार्ग जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनीं १९१२ सालीं दाखविला. हे सारे भूभाग एके काळीं दक्षिण ध्रुवाजवळ एकत्र होते व नंतर दूर सरकले, असें त्यांनीं प्रतिपादिलें. प्राचीन हिमाच्या खुणा हा त्यांचा एक प्रमुख आधार होता. तत्कालीन पंडितांपैकीं बहुतेकांनीं त्यांचें म्हणणें मानलें नाहीं. १९३० सालीं ग्रीनलंडच्या हिमावरच संशोधन करतांना वेगेनर यांचा अंत झाला. १९६० नंतर मात्र सागरतळाच्या अभ्यासानें खंडें सरकतात हें निर्विवाद ठरलें. त्या आद्य महाखंडाला जगानें गोंडवन हें नांव दिलें. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या गोंड लोकांच्या भूमीचें नांव असें जगाच्या शास्त्रांत कायमचें नोंदलें गेलें.

इरईचें हिम सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वींचें. तें हटल्यावर थंड, ओलसर दलदलींत ग्लॉसोप्टेरिस नांवाच्या वृक्षांचीं वनें माजलीं. त्यांच्या गाडल्या गेलेल्या अवशेषांचा कोळसा झाला. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवाहून परततांना १९१२ सालीं मरण पावले, तेव्हां त्यांच्या तुकडीजवळ सांपडलेल्या दगडांतहि याच वनस्पतीचे ठसे होते. पुढें हवा उष्ण झाली. १९८२ सालीं चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, सिरोंचा भागांत, त्या उष्ण काळांतील महाकाय सरड्यांचे व वृक्षांचे अवशेष सांपडतात. एवढ्याशा प्रदेशांत हिम, दलदल व ऊन यांचे अध्याय एकापुढें एक रचलेले आहेत.

या अध्यायांना आतां मनुष्यानेंहि एक जोड दिली आहे. त्या वनांनीं हवेंतून ओढून भूमींत पुरलेला कर्ब आज चंद्रपूरच्या प्रचंड वीजकेंद्रांत जळून पुन्हां हवेंत जात आहे. जगभरच्या अशा ज्वलनामुळें हवेंतील कर्बवायूचें प्रमाण यंत्रयुगापूर्वीं दहा लक्ष भागांत सुमारें २८० भाग होतें, तें आतां ४२० च्या वर गेलें आहे. हवामान पूर्वींहि पालटलें होतें, मग आतांच चिंता कशाला, असें कित्येक म्हणतात. इरईचा खडक त्यांना अर्धेंच उत्तर देतो. हवामान पालटतें हें खरें. पण तेव्हां त्याला लक्षावधि वर्षें मिळालीं होतीं, आणि दुष्काळ किंवा महापूर सोसण्यास कोणी शेतकरी नव्हता.

याच प्रदेशांतील चुनखडीवर आज सीमेंटचे कारखाने चालतात. चुनखडी पुष्कळ आहे. हिमानें रेघा ओढलेला खडक मात्र फार थोडा. शिलालेख फुटला तर निदान त्याची नक्कल कोठें तरी असते. हिमानें कोरलेल्या या लेखाची नक्कल करून ठेवणारा कारकून नव्हता, आणि तो पुन्हां कोरावयास तें हिमहि आतां येणार नाहीं. म्हणून त्याला जपणें हें शास्त्रज्ञांइतकेंच या जिल्ह्याच्या नागरिकांचेंहि काम होय.