ईश्वरनिंदेचा कायदा नसलेल्या देशात ‘रिडल्स’चा वाद

भारतात ब्लासफेमीचा कायदा आहे का? पेट-नेटची तयारी करताना हा प्रश्न तुमच्याही समोर आला असेल. बहुतेक जण ‘कलम २९५-अ’ असं ठोकून मोकळे होतात. पण थोडं थांबून बघा, हे कलम नेमकं कुणाला वाचवतं?

इंग्लंडचा जुना कायदा ख्रिस्ती श्रद्धेला, त्यातही प्रामुख्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणीला संरक्षण द्यायचा. तो २००८ मध्ये रद्द झाला. आपल्याकडचं कलम देवाला वाचवत नाही, माणसांच्या भावनांना वाचवतं. त्याची गोष्ट लाहोरची आहे. १९२४ मध्ये तिथे प्रेषित मुहंमदांवर ‘रंगीला रसूल’ नावाची एक पुस्तिका निघाली. प्रकाशकावर १५३-अ खाली खटला झाला, पण मे १९२७ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. दिवंगत धर्मपुरुषावरची टीका त्या कलमात बसत नाही, असं न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. लोक खवळले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २९५-अ आलं. चर्चेत जिनांनीच बजावलं होतं की इतिहास लिहिणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यात अडकता कामा नयेत. म्हणून कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ अशी अट आहे. मी विज्ञान शाखेचा, त्यामुळे मला ही अट प्रयोगातल्या कंट्रोलसारखी वाटते. ती काढली तर निष्कर्ष काहीही निघू शकतो.

१९५७ मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं ते याच अटीच्या आधारावर. धर्माचा प्रत्येक अपमान गुन्हा नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.

इथपर्यंत सगळं पुस्तकात मिळतं. आता महाराष्ट्रात या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं समग्र लेखन राज्याचा शिक्षण विभाग इंग्रजीत खंडवार छापतो. आमच्या संग्रामपूरकडच्या बऱ्याच जणांना हे खंड जयंतीच्या स्टॉलवरून माहीत असतात. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९८७ मध्ये चौथा खंड आला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. बाबासाहेबांच्या हयातीत हे लेखन प्रसिद्ध झालं नव्हतं. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरच्या प्रकरणाने वाद पेटला. शिवसेना आणि मराठा महामंडळ रस्त्यावर उतरले. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते. सरकारने ते प्रकरण खंडातून काढायचं ठरवलं. मग १९८८ च्या सुरुवातीला दलित संघटनांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला, नेहमी आपसात भांडणारे गटही त्यात एकत्र आले. शेवटी तडजोड झाली: प्रकरण राहील, पण त्यातल्या मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप त्याला जोडली जाईल. खंड उघडून बघा, टीप दिसेल.

आता कायद्याचं कोष्टक या घटनेवर ठेवून बघा, मजा येते. २९५-अ खाली गुन्हा धरायचा तर लेखक १९५६ मध्येच गेलेले, त्यांचा हेतू तपासणार कुठे? प्रकाशकाला धरायचं तर प्रकाशक सरकार. या कलमाखाली न्यायालयाने दखल घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागते. पुस्तक जप्त करण्याचा फौजदारी संहितेतला (तेव्हाचं कलम ९५) अधिकारही सरकारचाच. म्हणजे आरोपी, परवानगी देणारा आणि जप्ती करणारा एकच!

माझ्या मते या वादातला खरा मुद्दा इथेच आहे. धर्मनिरपेक्ष राज्य स्वतः प्रकाशक झालं की छापणं म्हणजे सहमत असणं, असं दोन्ही बाजूंना वाटायला लागतं. विरोध करणाऱ्यांना सरकारी शिक्का असह्य होता, आणि समर्थकांना त्या शिक्क्यानेच कात्री लावणं असह्य होतं. एका बाजूच्या दुखावलेल्या भावना मोजायच्या तर दुसऱ्या बाजूच्या का नाही? ज्या ग्रंथांनी अस्पृश्यता सांगितली त्यांची चिकित्सा करणाऱ्यालाच ‘भावना दुखावल्या’ म्हणायचं, हे मोर्चेकऱ्यांना कसं पटावं? कलमातल्या हेतूच्या अटीने यावर निदान चर्चा तरी झाली असती. प्रत्यक्षात कोणता जमाव किती मोठा, यावर गोष्ट ठरत गेली. टीपेचा तोडगा मला वाईट वाटत नाही, वाट मात्र वाईट होती.

जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाचं तसं नाही. तिथे बंदीचा लेखी आदेश होता, म्हणून त्याला आव्हान देता आलं. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी उठवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. कारणं लिहिलेली आहेत, तुम्ही ती वाचून खोडू शकता.

तेव्हा या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर फक्त निकालांच्या डेटाबेसवर विसंबू नका. तिथे लेन सापडतील. ‘रिडल्स’साठी विधिमंडळाची कार्यवाही, त्या दोन-तीन महिन्यांची मराठी वृत्तपत्रं आणि दलित चळवळीची नियतकालिकं चाळावी लागतील. आणि शोधताना कलमाचा नवा क्रमांकही टाका: १ जुलै २०२४ पासून २९५-अ हे भारतीय न्याय संहितेत कलम २९९ झालं आहे. हेतूची अट तिथेही कायम आहे.