पळस, धायटी आणि वसंताची नोंद

मराठी साहित्यातला वसंत पुष्कळदा संस्कृतातून आयता आलेला असतो. आम्रमोहर, कोकिळ, मलयानिल अशी त्याची सामग्री ठरलेली. सह्याद्रीतला वसंत मात्र या यादीत मावत नाही. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पण पळस फुलू लागतो तो माघ-फाल्गुनात, म्हणजे शिशिर सरण्याआधीच. झाडावर पान नसते आणि रान करपलेले असते. मग ही फुले 'वसंताची' कशी? की आपण ऋतू डोळ्यांनी न पाहता पाठांतराने ओळखतो?

प्राकृत कवीने मात्र पाहिले होते. सातवाहन राजा हालाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गाथासप्तशतीत पळसावर एक गाथा आहे. पोपटाच्या चोचीसारखी फुले भुईवर पडली आहेत आणि कवीला ती बुद्धाच्या चरणांशी वाकलेल्या भिक्षुसंघासारखी दिसतात. कवीची नजर झाडाच्या शेंड्यावर नाही, मुळाशी आहे. पळसाची पाकळी सुटी सुटी गळत नाही, अखंड वाकडे फूल खाली येते, हे ज्याने पाहिले त्यालाच वंदनाची उपमा सुचणार. कार्ले-नाशिकच्या लेण्यांत भिक्षू राहत होते, त्या काळाची आणि त्या मुलखाची ही उपमा आहे.

पुढे नोंदी झाल्या त्या वेगळ्या हेतूने. डाल्झेल आणि गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १८६१चा. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात निघाला. कुक लॅटिन नावाबरोबर देशी नावही देतात. ती नावे ज्यांच्या तोंडून आली, ती माणसे बहुतेक निनावी राहिली. (आपल्या वाङ्मयेतिहासाला हा प्रकार अपरिचित नाही.) दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) मराठी महिन्यांच्या चौकटीत हे पाहणे ललित गद्यात आणले, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकी वसंताला मिळालेले ते सर्वांत ठाम उत्तर आहे.

आज शहरी विद्यार्थ्याला फुलांचा मोसम म्हणजे गुलमोहर वाटतो. तो मूळचा मादागास्करचा. त्याच सुमारास थोडे आधी उतारांवर धायटीची झुडपे तांबड्या फुलांनी भरतात. आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे आंबवायला लागणारी धातकी ती हीच. करवंदीच्या जाळीत पांढरी फुले येतात. माथेरानच्या रानात अंजनीच्या फांद्यांना निळी-जांभळी फुले थेट सालीला चिकटून येतात. पळसाला गाथा मिळाली. अंजनीच्या वाट्याला काव्यात तेवढी जागा आली नाही.