राजाची थोरली लेक आणि हक्कसोड



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक ताई उशिरा आल्या. म्हणाल्या, "भावाला हक्कसोड करून दिलं, सही करूनच आले." कुणीतरी विचारलं, "मोबदला काय मिळाला?" त्या हसून म्हणाल्या, "साडी-चोळी." सगळ्या हसल्या, मग सगळ्याच गप्प झाल्या. मला मात्र आठशे वर्षांपूर्वीच्या स्पेनमधलं एक राजघराणं आठवलं. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

तेव्हा आजच्या स्पेनच्या जागी बरीच राज्यं होती. कास्तिल नावाच्या राज्यात ११५५ साली आल्फोन्सो आठवा जन्मला. वर्षाच्या आत आई गेली आणि तीन वर्षांचा व्हायच्या आत बापही गेला. पोरका पोर गादीवर बसला. त्याला कुणी सांभाळायचं यावरून लारा आणि कास्त्रो ही दोन बडी घराणी भांडत राहिली. मूल ज्याच्या ताब्यात, राज्य त्याच्या हातात, असा तो मामला होता.

११७० मध्ये त्याचं लग्न इंग्लंडच्या राजाच्या लेकीशी झालं. तिचं नाव लेओनोर. नवरा पंधराच्या आतला आणि नवरी आठ-नऊ वर्षांची. पण लग्नाच्या करारात काही गावं आणि किल्ले तिच्या नावे लिहून दिले होते. पुढे तिच्या इच्छेवरून राजाने बुर्गोस शहराजवळ ११८७ मध्ये लास उएल्गास नावाचा बायकांचा मठ उभारला. तिथल्या प्रमुख बाईच्या ताब्यात जमिनी आणि गावं होती, न्यायनिवाडाही तीच करायची.

या दोघांना बरीच मुलं झाली, पण कितीतरी लहानपणीच गेली. जगलेल्या मुलींपैकी उर्राका पोर्तुगालची राणी झाली, ब्लांका फ्रान्सची, धाकटी लेओनोर आरागोनची. कोन्स्तान्सा मठात गेली. थोरली होती बेरेंगेला.

बेरेंगेला लहान होती तेव्हा राजाला मुलगा नव्हता. ११८८ मध्ये जर्मन सम्राटाच्या मुलाशी तिची सोयरीक ठरली. करारात लिहिलं होतं की राजाला मुलगा झाला नाही तर राज्य बेरेंगेलाचं, आणि जावई राज्य करेल तो केवळ तिचा नवरा म्हणून. पुढच्याच वर्षी भाऊ झाला. पुढे ती सोयरीकही मोडली.

शेजारच्या लेओन राज्याशी कास्तिलच्या लढाया चालत. त्या थांबाव्यात म्हणून ११९७ मध्ये बेरेंगेलाला लेओनच्या राजाला दिली. तो आल्फोन्सो नववा, तिच्या वडिलांचा चुलत भाऊ. पाच मुलं झाली. मग पोपने सांगितलं, नातं जवळचं आहे, लग्न रद्द. १२०४ मध्ये ती माहेरी परतली.

राजा आल्फोन्सोने १२१२ मध्ये दक्षिणेच्या अल्मोहाद खलिफाविरुद्ध नावास दे तोलोसाची मोठी लढाई जिंकली. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव आहे ते मुख्यतः या लढाईसाठी. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्याचा तरुण मुलगा वारला होता. १२१४ च्या ऑक्टोबरात राजा गेला आणि त्याच महिन्यात राणी लेओनोरही गेली. मागे राहिला दहा वर्षांचा एन्रिके. बेरेंगेला त्याची पालक झाली, पण लारा घराण्याने पोर तिच्याकडून काढून घेतला. बापाच्या लहानपणी घडलं तेच पुन्हा घडलं.

१२१७ मध्ये खेळताना छपराचं कौल डोक्यात पडून एन्रिके गेला. आता गादी थोरल्या बहिणीची. पण पूर्वीचा नवरा टपलेला होता, आणि तिचा मुलगा फर्नांडो त्याच्याचकडे होता. बखरकार सांगतात, तिने भावाच्या मरणाची बातमी दाबून ठेवली, मुलाला भेटायचंय असा निरोप धाडला आणि त्याला आपल्याकडे आणलं. जुलैमध्ये व्हायादोलिद इथे लोकांनी तिला राणी मानलं, आणि तिने तिथेच राज्य मुलाच्या हाती दिलं. पुढे ती गेली तोवर, म्हणजे १२४६ पर्यंत, फर्नांडो तिच्या सल्ल्याने वागला. म्हणजे हक्क तिचा, बुद्धी तिची, पण मुकुट मुलाच्या डोक्यावर.

खरी गोम पुढे आहे. १२३० मध्ये लेओनचा राजा वारला. त्याने राज्य लिहून ठेवलं होतं सान्चा आणि दुल्से या मुलींच्या नावे. त्या त्याच्या पहिल्या बायकोच्या, तेरेसाच्या लेकी. तेरेसाचं लग्नही जवळचं नातं म्हणूनच रद्द झालं होतं. आता युद्ध होणार असं वाटत असताना या दोघी समोरासमोर बसल्या. एकाच पुरुषाशी झालेलं लग्न मोडलेल्या दोघी बायका, आणि दोघीही आया. त्यांनी तोडगा काढला. डिसेंबरात बेनाव्हेन्तेला करार झाला. दोघी बहिणींनी राज्यावरचा हक्क सोडला आणि फर्नांडोने त्यांना दरवर्षी तीस हजार मारावेदी, म्हणजे तिथली नाणी, द्यायचं कबूल केलं. लेओन आणि कास्तिल एक झाले ते कायमचे.

रक्त न सांडता प्रश्न मिटला, याचं कौतुक मला आहेच. पण एक गोष्ट टोचते. जिचा स्वतःचा हक्क लेक म्हणून मान्य झाला, तिनेच मुलासाठी दुसऱ्या दोन लेकींचा हक्क सोडवून घेतला. आपल्याकडेही सहीसाठी कागद पुढे सरकवणारा हात पुष्कळदा आईचाच असतो ना?

तरी त्या बहिणींच्या सहीला किंमत लागली, आणि ती किंमत कागदावर लिहिली गेली.

पुढच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. आपल्या घरात हक्कसोड कुणी केलं, आणि सही करण्याआधी तो कागद तिला कुणी वाचून दाखवला का? सही करायची की नाही हे जिचं तिने ठरवावं. पण वाचल्याशिवाय आणि विचारल्याशिवाय अंगठा उठवू नका.

पुन्हा भेटू. नमस्कार.